वाटेची माहिती आणि मराठी प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनाचे मूल्यमापन करताना समीक्षकांनी एक भेद बहुधा सिद्ध मानूनच पुढे पाऊल टाकलेले दिसते. 'माहितीपर' आणि 'ललित' या दोन विशेषणांनी तो दाखविला जातो. ज्या लेखनात लेखकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची सौंदर्यदृष्टी, त्याच्या मनावर उमटलेले तरंग आढळतात ते वाङ्मय. आणि ज्यात गाडी कोठून सुटते, भाडे किती पडते, उतरावयाचे कोठे, खावयाचे काय, थंडीसाठी बरोबर काय घ्यावे यांची वाच्यता असते ते वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरचे, असा हा न्याय आहे. वर्गात शिकविताना तो सोयीचा ठरतो हे खरे. परंतु मराठीतील काही महत्त्वाचे ग्रंथ या कसोटीला लावून पाहिले की कसोटीच डळमळू लागते. परमुलखात जाणाऱ्याच्या उपयोगी पडावी अशी माहिती ही या ग्रंथांत वर्णनाला बाहेरून चिकटलेली वस्तू नाही. लेखकाने आपला वाचक कोण मानला आहे, आणि तो वाचक त्या वाटेने खरोखर जाणार आहे की नाही, हे त्या माहितीवरूनच कळते.

या विचाराला प्रारंभ करावयाचा तर 'स्थानपोथी'पासून करावा लागेल. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या संचाराने पुनीत झालेली स्थाने अनुयायांना नमस्कारासाठी सापडावीत, या एकाच हेतूने महानुभाव पंथात हा ग्रंथ सिद्ध झाला. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली ही पोथी वाचावयास घेणारा विद्यार्थी पहिल्या काही पानांतच कंटाळतो. तीत निसर्ग नाही, भावना नाही, प्रसंगही जवळजवळ नाही. गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या कोणत्या अंगास गोसावी बसले, तेथून कोणीकडे वळले की दुसरे स्थान लागते, एवढेच गावामागून गाव सांगितले आहे. प्रसंग हवे असतील तर वाचकाने 'लीळाचरित्रा'कडे जावे. येथे फक्त जागा आहेत. या रूक्षतेचे कारण उघड आहे. प्रत्यक्ष त्या गावच्या शिवेत उभा असलेला, ज्याला आता उजवीकडे वळावे की डावीकडे एवढेच हवे आहे, असा मनुष्य हा या पोथीचा वाचक आहे. त्याच्यापुढे अलंकार मांडणे म्हणजे त्याची वाट अडविणे होय. म्हणून 'स्थानपोथी'तील वाक्यांची काटकसर हा शैलीचा अभाव मानणे चुकीचे ठरते. वाचकाच्या पायांचा विचार करून घडविलेली ती शैली आहे. पुढे त्यांतील कित्येक देवळे पडली, गावांची रचना बदलली, आणि केवळ वाट दाखविण्यासाठी केलेली ही टिपणे यादवकालीन वस्ती व देवालये यांविषयी बहुमोल पुरावा होऊन बसली. पुरावा निर्माण करावा असे तिच्या कर्त्याच्या स्वप्नीही नव्हते.

यात्रेकरूला मार्ग दाखविण्याची ही परंपरा पुढे अखंड चालू राहिली. 'गुरुचरित्रा'च्या एकेचाळिसाव्या व बेचाळिसाव्या अध्यायांत काशीयात्रेचा क्रम आला आहे. कोणत्या तीर्थानंतर कोणते, कोठे स्नान, कोठे दर्शन, हे तेथे शिष्याला सांगितले जाते. घरी बसून पारायण करणारा भाविक तोच मजकूर पुण्यप्राप्तीसाठी वाचतो, आणि काशीस निघालेला माणूस मार्गदर्शनासाठी. एकच माहिती दोन वाचकांना दोन प्रकारे लागू पडते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८८५ मध्ये गणेश सदाशिवशास्त्री लेले त्र्यंबककर यांचा 'तीर्थयात्राप्रबंध' प्रसिद्ध झाला तेव्हा आगगाडीने यात्रेची अंतरे आवळून टाकली होती. मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादेपर्यंतचा लोहमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. शास्त्रीबोवांच्या ग्रंथनामातील 'प्रबंध' हा शब्दही सूचक आहे. त्याचा अर्थ रचना असा होतो, आणि व्यवस्था असाही होतो.

या पार्श्वभूमीवर विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाकडे पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. वरसईच्या या भिक्षुकाचे घर कर्जात होते. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता आली, आणि चुलत्यासह ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. त्या वर्षी उत्तरेत काय मांडून ठेवले होते याची त्यांना कल्पना नव्हती. वाटेत शिपायांच्या तोंडून बंडाची पहिली बातमी त्यांना मिळते, तो प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. इतिहासकाराला तेथे महायुद्धाची चाहूल लागते. गोडसे भटजींपुढे मात्र प्रश्न एकच आहे, पुढे जावे की मागे फिरावे. साऱ्या ग्रंथभर हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा उभा राहतो. कोणत्या गावी आश्रय मिळेल, कोणत्या घरी ओळख निघेल, जवळचा पैसा कोठे लपवावा, वाट सुरक्षित आहे असे सांगणाऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे, ही सगळी प्रवाशाची माहिती आहे, आणि ती प्राणाच्या मोलाने मिळविलेली आहे.

समीक्षकांनी या ग्रंथातील दोनच स्थळे उचलून धरली. एक झाशीच्या वेढ्याचे, दुसरे काळपीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेल्या राणी लक्ष्मीबाईच्या भेटीचे. दोन्ही स्थळे थोर आहेत याविषयी दुमत नाही. परंतु त्यांची थोरवी कशातून आली? विहिरीवरच्या प्रसंगात भटजी पाणी काढून देऊ पाहतात, आणि तहानेने व्याकूळ झालेली राणी विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून त्यांना थांबवून स्वतःच मडक्याने पाणी काढते. वाचकाचे मन हेलावते ते दोरी, मडके आणि ओंजळ या तीन वस्तूंमुळे. आणि या वस्तू लेखकाच्या नजरेत भरल्या, कारण पायी जाणाऱ्या माणसाला विहीर कोठे आहे व पाणी काढावयास साधन काय, हा रोजचाच विचार असतो. झाशी पडल्यानंतरच्या लुटीचे वर्णनही असेच. तेथे शोकाचा उद्गार थोडा आहे. कोणत्या दिवशी कोणत्या लोकांनी कोणत्या जिनसा नेल्या, याचा हिशेब मात्र आहे. सोनेरुपे गेल्यावर भांडी, भांड्यांनंतर वस्त्रे, अशा क्रमाने शहर कसे रिकामे होत गेले हे सांगणारी ही नोंद कोणत्याही विलापिकेपेक्षा भयंकर वाटते. याद्या करण्याची ही सवय भिक्षुकाची आहे, यात्रेकरूची आहे. तिला 'माहितीपर' म्हणून बाजूस सारले तर मागे उरणारा ग्रंथ पोकळ होईल.

हे केवळ तर्काने म्हणावयाचे कारण नाही. या ग्रंथाच्या बाबतीत काटछाट प्रत्यक्ष घडली आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे भटजींनी प्रवासानंतर सुमारे पाव शतकाने आपल्या आठवणी लिहून काढल्या. लेखकाच्या निधनानंतर, १९०७ मध्ये, वैद्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. पण प्रसिद्ध करताना भाषा सुधारली, मांडणी बदलली, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जतन झाले, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये यथामूल संहिता छापली. तोपर्यंत मराठी वाचकाने, आणि अमृतलाल नागरांच्या भाषांतरातून हिंदी वाचकाने, वैद्यांच्या हातचा 'माझा प्रवास' वाचला होता. वैद्यांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्या काळी अशा विषयावरचे पुस्तक छापणे हीच धिटाईची गोष्ट होती. शिवाय वैद्य हे इतिहासाचे आणि वाङ्मयाचे मर्मज्ञ होते. सुसंस्कृत वाचकाला वाचनीय वाटेल असे पुस्तक त्यांना द्यावयाचे होते. मात्र दोन संहिता शेजारी ठेवून वाचणाऱ्या अभ्यासकाला एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहत नाही. वैद्यांच्या संहितेत कथा वेगाने पुढे सरकते. मूळ संहितेत माणूस चालतो. त्याला भूक लागते, तो ओळखी काढतो, सोवळ्याची अडचण सोडवितो, पैसे मोजतो. या दुसऱ्या वाचनाचा आनंद उशिरा मिळाला, आणि 'वाचनीय' म्हणजे काय याविषयीची समजूत तो उशीर होण्यास कारण झाली.

आणखी एक गोष्ट येथे विचारात घ्यावयास हवी. भटजी लिहावयास बसले तेव्हा त्यांनी दिलेली वाटेची माहिती निरुपयोगी झाली होती. संस्थाने बदलली होती, आगगाडी आली होती. त्यांच्यासारखे पायी उत्तरेस जाऊन खांद्यावरून गंगोदक आणण्याचे प्रयोजन फारसे कोणास उरले नव्हते. तरीही त्यांनी ती तपशिलाने दिली. त्या गंगोदकाने त्यांनी आपल्या मातापित्यांना स्नान घातले हे ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याला ते पाणी किती कोसांवरून आले हे ठाऊक असल्याशिवाय त्या स्नानाची किंमत कळणार नाही. निरुपयोगी झालेल्या माहितीचे हे कार्य कोणत्याही मार्गदर्शिकेत सांगितलेले नसते.

समुद्रापलीकडील प्रवासाचा प्रश्न मात्र निराळा होता. येथे वाट ठाऊक नव्हती एवढेच नव्हे, तर वाट निषिद्ध होती. १८८३ हे वर्ष या बाबतीत विलक्षण आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, आणि त्याच महिन्यात पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. निघण्यापूर्वी, फेब्रुवारीत, बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले व लोक आपणांस विचारीत असलेल्या सहा प्रश्नांची उत्तरे दिली. अमेरिकेस कशासाठी जाता, येथे शिक्षणाची सोय नाही काय, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, काही संकट ओढवले तर काय कराल, आजवर कोणा स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे, असे ते प्रश्न होते. हे सहा प्रश्न म्हणजे एकोणिसाव्या शतकातील हिंदू प्रवाशाची खरी मार्गदर्शिका होय. जहाज कोणते, भाडे किती, हवा कशी, हे त्यांत कोठेच नाही. जाण्याविषयीच्या शंकांपेक्षा परत येण्याविषयीची भीती मोठी आहे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, हे आनंदीबाईंचे उत्तर होते. ही भीती अवास्तव होती असे कोणी म्हणू नये. पुढे १८९० मध्ये खुद्द पुण्यात, पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या पेल्यावरून रानडे व टिळक यांच्यासारख्या माणसांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पेठ ओलांडण्याची ही कथा असेल, तर समुद्राची काय सांगावी!

अमेरिकेविषयीची प्रत्यक्ष उपयोगाची माहिती आनंदीबाईंना ग्रंथांतून मिळालेलीच नव्हती. ती न्यू जर्सीतील कारपेंटरबाईंशी तीन वर्षे चाललेल्या पत्रव्यवहारातून आली. परस्परांचे रीतिरिवाज, खाणेपिणे, सणवार यांची देवघेव त्या पत्रांत होते. अनोळखी देश एका कुटुंबाच्या रूपाने ओळखीचा होतो. काशीबाई कानिटकरांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या चरित्रात पत्रांना जे स्थान दिले आहे, ते या कारणाने योग्यच आहे. मात्र जी माहिती सर्वांत निकडीची होती ती पत्रांतूनही पुरेशी पोचू शकली नाही. फिलाडेल्फियाचा हिवाळा शाकाहारी आहारावर आणि लुगड्यात कसा काढावा, याला कोणापाशी पूर्वानुभवच नव्हता. पाय उघडे पडू नयेत म्हणून त्यांनी नेसण्याची तऱ्हा बदलली, एवढी तडजोड केली. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या पत्रांतील थंडीचे, चुलीचे, अन्नाचे उल्लेख हे आजच्या वाचकाला 'किरकोळ तपशील' म्हणून वाचता येत नाहीत.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. त्यांचा 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षकातील शब्दांचा क्रम पाहावा. 'लोकस्थिति' आधी, 'प्रवासवृत्त' मागाहून. लिव्हरपूलहून निघालेल्या जहाजाची, खवळलेल्या अटलांटिकची हकीकत ग्रंथात आहे. परंतु लवकरच प्रवासी मागे सरतो आणि शासनपद्धती, शाळा, गृहव्यवस्था, धर्मसंस्था, उद्योगधंदे, स्त्रियांची स्थिती, स्त्रियांच्या संस्था असे विषय एकामागून एक येऊ लागतात. ललितत्वाच्या कसोटीवर हा ग्रंथ अर्धाच प्रवासवर्णन ठरतो, आणि बहुधा म्हणूनच प्रवासवर्णनाच्या इतिहासांत त्याला आदराने दोन ओळी देऊन पुढे जाण्याची प्रथा पडली. ग्रंथ दीर्घकाळ दुर्मिळ राहिला, हेही तिचे एक कारण. लेखिकेच्या धर्मांतरामुळे महाराष्ट्राने तिच्याकडे फिरविलेली पाठ, हे दुसरे.

परंतु हा ग्रंथ कोणासाठी लिहिला आहे, हा प्रश्न विचारला म्हणजे त्याची रचना उलगडते. रमाबाईंचा वाचक, आणि विशेषतः त्यांची वाचिका, अमेरिकेस कधीच जाणार नाही. तिला पैसा नाही, मोकळीक नाही, परत घेणारी जात नाही. तिला आगबोटीचे वेळापत्रक देऊन काय उपयोग? ज्या गोष्टी समुद्र ओलांडून इकडे आणता येतील, त्यांचीच माहिती तिच्या उपयोगाची. स्त्रिया एकत्र येऊन सभा कशी चालवितात, वर्गणी कशी गोळा करतात, मुलांना खेळातून शिकविण्याची बालोद्यानपद्धती कशी आहे, या गोष्टी वाचक न जाताही घेऊ शकतो. यात्रेकरूची मार्गदर्शिका वाचकाला देशाकडे नेते. रमाबाईंची मार्गदर्शिका देश वाचकाकडे आणते. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. ग्रंथ आणि संस्था यांना वेगळे करून वाचणे म्हणूनच कठीण जाते. याला एक सुंदर प्रतिरूपही आहे. १८८७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहून अमेरिकन वाचकांना एका अपरिचित देशाची माहिती दिली होती. दोन वर्षांनी त्यांनी उलट दिशेने तेच केले.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. अमेरिकेतील संस्थांचे कौतुक करताना लेखिकेची लेखणी कधी अहवालासारखी होते. आकड्यांचा भार काही प्रकरणांना सोसत नाही. पण ती आंधळी नाही. निग्रो लोकांना मिळणारी वागणूक, मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय, टोप्यांच्या शोभेसाठी होणारी पक्ष्यांची हत्या, यांवर तिने स्पष्ट नापसंती दर्शविली आहे. जो देश आदर्श म्हणून मांडावयाचा त्याचे दोष झाकले तर माहिती खोटी होते, आणि खोट्या माहितीवर संस्था उभी राहत नाही, एवढे भान तिला आहे. त्या काळच्या कित्येक विलायतभक्तांना ते नव्हते.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० मध्ये आले. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' १९५९ मध्ये आणि पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० मध्ये. प्रवास करणाऱ्याचे मन हाच विषय झाला, आणि मराठी गद्याला त्यामुळे एक नवे लाघव प्राप्त झाले, हे निर्विवाद आहे. 'अपूर्वाई'त तर परदेशी निघालेल्या माणसावर चहूकडून होणारा उपदेशाचा वर्षाव हाच विनोदाचा विषय होतो. माहिती देणारा हास्यास्पद ठरला, याचा अर्थ समाजात माहिती पुरेशी झाली होती असा घ्यावा काय? तसे दिसत नाही. १९५७ पासून देशात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. हौसेखातर विलायतेस जाणे सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरचे होते. रमाबाईंच्या वाचिकेप्रमाणेच या पुस्तकांचा वाचकही जाणार नव्हता. फरक इतकाच, की त्याला तिकडून काही आणावयाचेही नव्हते. त्याला सोबत हवी होती, आणि ती पु. लं.नी भरभरून दिली. माहितीची हकालपट्टी झाली ती या विशिष्ट वाचकासाठी. समीक्षेने मात्र त्या एका काळाच्या गरजेवरून प्रवासवर्णनाचा सार्वकालिक नियम बनविला. 'माहितीपर' हा शब्द दूषणासारखा वापरला जाऊ लागला तो याच सुमारास.

१९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि वाचक पुन्हा एकदा खरोखरच निघाला. पुण्याच्या कित्येक घरांतून मुले परदेशी स्थायिक झाली. त्यांच्याकडे जाणारे आईवडील हा प्रवाशांचा एक नवाच वर्ग तयार झाला. १९९३ मध्ये मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर त्यांनी देशोदेशींवर एकामागून एक पुस्तके लिहिली. त्यांत इतिहास आहे, वास्तुकला आहे, विनोद आहे. त्याबरोबरच प्रवासाची आखणी, परवाने, मुक्काम, खाण्याच्या अडचणी, झालेल्या फसवणुकी यांचा तपशीलही संकोच न बाळगता दिलेला आहे. अभिरुचिसंपन्न समीक्षकांनी या विपुलतेवर नाक मुरडले. वाचकांनी पुस्तके पिशवीत घातली. प्रभूंच्या लेखनात पाल्हाळ आहे, आणि काही ठिकाणी इतिहासाची टिपणे वहीतून तशीच उतरल्यासारखी वाटतात, हा आक्षेप खोटा नाही. पण तो पाल्हाळावरचा आक्षेप आहे, माहितीवरचा नव्हे. त्यांनी लिहिलेली भाडी आणि परवान्यांचे नियम आज पूर्णपणे कालबाह्य झाले आहेत. लंडनला जाणारा पुणेकर आता ते पाहण्यासाठी पुस्तक उघडीत नाही. गोडसे भटजींच्या कोसांप्रमाणे त्या आकड्यांनाही आता दुसरा वाचक मिळेल, आणि तो १९९३ साली एक मराठी बाई परक्या शहरात कशाला महाग म्हणत होती, हे त्यांत शोधील.